छर्रा

वाढोण्याच्या बसथांब्यासमोर वैरागडे मोटार रिवाइंडिंग.
दुपारचे सव्वा. शटर अर्धं ओढलेलं,
रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवतंय.
मी आत स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप,
त्याच्याखाली ओला पंचा,
कारण दुकानातला पंखा बाबांनी परवा तपासायला काढला
आणि अजून तपासताहेत.

स्क्रीनवर उत्तर ध्रुव. तिथेही दुपार,
घड्याळातली नव्हे, चुंबकाची:
पृथ्वीच्या माथ्याची जी बाजू या घटकेला सूर्याकडे आहे, ती.
रात्रीच्या ध्रुवप्रकाशाचे फोटो सगळे काढतात.
दुपारचा कुणाला दिसत नाही,
भर उन्हात कंदील लावावा तसा तो.
उपग्रह मात्र साडेचारशे किलोमीटरवरून
एका दमात सगळा माथा ओलांडतो
आणि सेकंदाला एक आकडा टाकत जातो.

पन्नास हजारांतून पृथ्वीचं स्वतःचं जे आहे ते वजा करायचं.
उरतात दोनशे, तीनशे. कधी उणे.
या उरलेल्यावर माझा पगार.

"काय करून राहिली?"
बाबांच्या दातांत तांब्याच्या तारेचं टोक.
मी सांगते: सूर्याकडून वारं येतं, विजेनं भारलेलं.
दुपारच्या अंगाला वर एक तोंड उघडं आहे, चाड्यासारखं,
त्यातून ते खाली झरतं,
तिफणीतून ज्वारी पडावी तसं.
"आपल्याले कोठं वावर हाय?
मोटारीतलं सांग."

मोटारीतलं मला सुचत नाही.

सतरा तारखेची एक फेरी मी काल पिवळी करून ठेवली होती.
नेमक्या दुपारच्या पट्ट्यात आकडे उड्या मारतात:
अडीचशे पूर्वेला, लगेच पश्चिमेला, पुन्हा पूर्वेला,
अकरा सेकंदांत.
वरून शेरा आलाय, यंत्राचा दोष असावा. गाळा.

बाबांनी सुकरू कुंभरेची मोटार समोर घेतली.
तीन हॉर्सपॉवर, विहिरीत जळलेली,
नवी तार भरून झालेली, रोटर बाहेर काढून ठेवलेला.
रिकाम्या पोकळीत त्यांनी बेअरिंगचा एक छर्रा टाकला
आणि बटण दाबलं.
छर्रा धावू लागला, भिंतीला धरून, गोल गोल,
कुणी ढकलत नसताना.
लहानपणी हे मी तासन्‌तास पाहिलंय
आणि विद्यापीठात पाच वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

एका जागी तो अडखळला.
फिरून आला, तिथेच पुन्हा.
"पाय," बाबा म्हणाले. "अथी."
"छर्रा खराब असेल."
"छर्र्याले काय होते? लोखंडाचा गोळा थो.
त्याले जे लागते तेच सांगते."
मग जरा थांबून, पंच्यानं मान पुसत:
"एक कॉइल उलटी भरली म्या."

मी सतरा तारीख उघडली.
दुसरा एक उपग्रह त्याच वाटेनं येतो, दीड मिनिट मागून.
त्याचं मी बघितलंच नव्हतं.
तीच उडी. थोडी सरकलेली, थोडी दमलेली.
विजेचा एक पडदा खाली येणारा, एक वर जाणारा,
मध्ये बोटभर जागा;
बोटभर म्हणजे तिथलं बोट, सात-आठ कोसांचं.

पिवळा रंग काढला. रकान्यात लिहिलं: दोष नाही.
पुढे काय लिहावं ते कळेना.
"छर्रा" असं लिहिलं आणि खोडलं.

तेवढ्यात लाइन गेली.
छर्रा आपल्या जोरावर दोन वेढे फिरला,
मग ठक्क, तळाला.
वरचा आता दक्षिणेकडे उतरत असेल,
त्याला कुणाची लाइन लागत नाही.

सुकरू शटरखालून वाकून आत आला.
"झाली?"
"एक कॉइल काढून पुन्हा भरतो."
"सकाळी तं झाली म्हणे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं,
तारेचं टोक दातांत धरलं
आणि उलट्या कॉइलचा पहिला वेढा
अंधारात, बोटांनीच, सोडवायला घेतला.